घणनानांची एक थप्पड

घणनाना कुठल्याही दगडाला आधी हाणत आणि मग तो कसला आहे ते ठरवत. माणसांच्या बाबतीतही त्यांचा क्रम हाच होता.

शीळफाट्याजवळच्या आगरी गावातला हा माणूस, उमेदीची वर्षं खाणीत घालवलेला. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मुंब्र्याच्या डोंगराला आधार म्हणून आम्ही तारेच्या जाळीच्या पेट्यांत दगड भरून भिंत रचत होतो. नाना मुकादम, मी सुपरवायझर. भिंतीच्या पायथ्याशी चाळ होती. भिंत सुटली तर डोंगर थेट तिथल्या माणसांच्या अंगावर येणार, हे मलाही कळत होतं.

स्वस्तात काय भरायचं, यावरून आमचं रोज वाजे. खडीच्या यंत्रात न जाणारा खाणीतला डबर भरा, असं नानांचं म्हणणं. हे ओबडधोबड दगड फुकट मिळत, फक्त वाहून आणायचा खर्च होता. पण ठाण्यात पाडलेल्या इमारतीच्या विटा ठेकेदार फुकट जागेवर टाकत होता. नाना भाचीच्या हळदीला गेले आणि मी विटांना होकार देऊन मोकळा झालो.

परतल्यावर त्यांनी एक वीट उचलून घण घातला. भुगा झाला. मग कुऱ्हाड घेऊन त्यांनी भरलेल्या पेट्या फाडायला सुरुवात केली. मी हात धरला, तशी त्यांनी माझ्या कानाखाली अशी वाजवली की मी विटांवर बसलो.

"सायेब, यो दगड नाय, बिस्कुट हाये. पान्यान इरघललं का जाली मोकली. खाली पोरां झोपतान."

तेवढ्यात ठेकेदाराची दोन माणसं सळया घेऊन आली. त्यांनी नानांना गुरासारखं मारलं. उजवं मनगट मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी कान चोळत उभा होतो. आजही स्वतःची शिसारी येते.

दुसऱ्या दिवशी मी विटांचे ट्रक परत पाठवले. विटांच्या पेट्या रिकाम्या करून त्यांत डबर भरला, प्रत्येक दगड स्वतः घणानं तपासून. भिंत पावसात टिकली. नानांचं मनगट मात्र वाकडंच जुळलं.

माफी मागायला घरी गेलो, तेव्हा नाना डाव्या हातानं जेवत होते. माझं सगळं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं.

"तुमाला मिनी येकच मारली," ते म्हणाले. "आजून दोन मारायला पायजे व्हत्या."

मग त्यांनी बायकोला माझं ताट वाढायला सांगितलं. मी मान खाली घालून जेवलो.