बाबांची लेन्स, माझा कॅमेरा

१९९९ साली गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आंधळगावला माझ्या आतेबहिणीचं लग्न झालं. गावातच दिली होती तिला. फोटो काढले बाबांनी. बाबा सरकारी नोकरीत होते, पण नात्यात त्यांची ओळख फोटोवाले मामा, फोटोवाले काका अशीच. कुणाचं लग्न असो की बारसं, गळ्यात रोलचा कॅमेरा अडकवून ते हजर. त्या कॅमेऱ्याची लेन्स हाताने फिरवून फोकस करावा लागे, आणि बाबांचा फोकस कधी चुकत नसे.

त्या लग्नात मात्र चुकला. रोल भंडाऱ्याहून धुऊन आले, तर नवरा-नवरी जवळजवळ सगळ्या फोटोंत पुसट. पंचशील घेतानाही पुसट, हार घालतानाही पुसट. बाबांनी तसाच अल्बम लावून आत्याकडे नेऊन दिला. आत्याने तो ठेवून घेतला आणि जेवायला वाढलं. कुणी काही बोललं नाही. बाबांना तेच जास्त लागलं. घरी येऊन त्यांनी आईचे दोन-चार फोटो काढून पाहिले, तेही पुसट आले. मग कॅमेरा कपाटात गेला.

बाबांनी मनाशी ठरवून टाकलं की आपले डोळे गेले. पुढे चष्म्याचा नंबर बदलला, आणखी काही वर्षांनी दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी नजर चांगली आहे म्हणून सांगितलं. पेपरातल्या बारीक जाहिरातीसुद्धा ते वाचायचे. पण फोटो काढा म्हटलं की एकच उत्तर, "दुसऱ्याले सांगा." लग्नात मागच्या खुर्चीवर बसून राहायचे. आंधळगावला तर अगदी कुणाच्या मयतीलाच जायचे, आणि आले तसे परतायचे.

मी साकोलीला शाळेत शिकवते. नोकरीत स्थिर झाल्यावर मी डिजिटल कॅमेरा घेतला. अडॅप्टर नावाची एक धातूची कडी मिळते, ती लावली की जुन्या कॅमेऱ्याच्या लेन्स या नव्या कॅमेऱ्यांना बसतात, हे मला नंतर कळलं. ती कडी मागवली आणि एका रविवारी सानगडीला घरी जाऊन बाबांना लेन्स मागितली.

"घेऊन जा. मले काय करायचं आहे तिचं," ते म्हणाले आणि पेपर वाचत राहिले.

आई अंगणात सुपात तांदूळ निवडत होती. कडी बघून ही बांगडी कायची म्हणून तिने विचारलं. मी कडी कॅमेऱ्याला लावली, तिच्यात लेन्स फिरवून घट्ट बसवली आणि बटण दाबलं. काहीच झालं नाही. पडद्यावर आलं की लेन्स लावलेली नाही. नवा कॅमेरा बिघडवून बसले की काय, असं वाटलं. बरीच खटपट केल्यावर सेटिंगमध्ये एक ओळ सापडली, लेन्स नसतानाही फोटो काढू द्यावा अशी. ती चालू केली आणि खट्कन आवाज आला. सुपातला दाणा न् दाणा मोजून घ्यावा इतका साफ फोटो.

बाबा कधी उठून मागे येऊन उभे राहिले, कळलं नाही. मी कॅमेरा त्यांच्या हातात दिला. दिला आणि लगेच वाटलं, नको होता द्यायला. आता पुन्हा पुसट आला तर? त्यांची जखम मीच उकरून काढल्यासारखं होईल. पण त्यांनी लेन्सची रिंग धरली होती. पडद्यावर आईचा चेहरा मोठा करून कसा पाहायचा ते मी दाखवलं. ते हळूहळू रिंग फिरवत राहिले, थोडे पुढे जाऊन परत मागे आले आणि बटण दाबलं.

आईच्या कपाळावरचा पिकलेला केस न् केस दिसत होता. बाबा त्या फोटोकडे बघत राहिले.

"लेन्स बरी आहे," ते म्हणाले. "डोये बी बरे आहेत. मंग त्या लग्नात काय झालं होतं?"

बाबांनीच जुना कॅमेरा कपाटातून काढायला लावला. लेन्स परत त्याला बसवली, मागचं झाकण उघडलं आणि रोल जिथे असतो तिथे मी ट्रेसिंग पेपरचा तुकडा चिकटवला. बाबांनी डोळा लावून खिडकीच्या गजांवर फोकस केला आणि शटर उघडं धरून ठेवलं. कागदावर गज पुसट होते. गजांच्या पलीकडचा कडुनिंब मात्र पानापानासकट साफ.

आत एक आरसा असतो, त्यातूनच आपल्याला समोरचं दिसतं. तो जागेवरून सरकला होता. बाबांना बरोबर दिसायचं, पण रोलवर फोकस मागे जाऊन पडायचा. तेव्हा आईला आठवलं, लग्नाच्या थोडे दिवस आधी कॅमेऱ्याची पिशवी एसटीच्या रॅकवरून खाली आली होती. बाहेरून कुठे काही लागलेलं नव्हतं, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

बाबा पलंगावर बसले. "म्हणजे माझा हात नव्हता चुकला," ते म्हणाले. मी नाही म्हटलं. त्यांनी मला पुन्हा एकदा विचारलं आणि मी पुन्हा नाही म्हटलं.

आंधळगावला जायचं त्यांनीच काढलं. पुढच्या रविवारी आम्ही गेलो. आतेबहीण आता दोन मुलांची आई. बाबांनी पाणीसुद्धा न पिता तिला आरशाची हकिगत सांगितली. एवढी वर्षं मनात ठेवलेलं, सांगताना ते अडखळत होते. तिने ऐकून घेतलं आणि आतून तो लग्नाचा अल्बम आणला; आत्याने तो पुढे तिलाच दिला होता.

आता पाहिलं तर सगळं उघड होतं. नवरा-नवरी पुसट, पण त्यांच्या मागे उभी असलेली रांग प्रत्येक फोटोत साफ. आणि त्या रांगेत जवळपास सगळीकडे तिचे वडील. हात जोडलेले, पांढऱ्या शर्टाच्या खिशाला पेन. लग्नानंतर वर्षभरातच ते गेले होते.

"मामा, मले वाटत होतं तुम्ही जाणूनच बाबाले साफ काढलं," ती म्हणाली. "त्याइचा दुसरा धड फोटोच नाही आमच्याजवळ."

आतल्या खोलीच्या भिंतीवरची तसबीर तिने दाखवली. ती याच अल्बममधल्या फोटोवरून मोठी करून घेतली होती. बाबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, तसबिरीच्या अगदी जवळ जाऊन पाहिलं. मग ओट्यावर येऊन चहा मागितला. त्या घरात त्यांनी स्वतःहून काही मागितलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

चहा झाल्यावर त्यांनी भाचीला आणि जावयाला दारात उभं केलं आणि त्याच लेन्सने त्यांचा फोटो काढला. जावई सारखे हसत होते, म्हणून पुन्हा काढला.

परतताना लाखनीच्या अलीकडे एका तलावाशी बाबांनी मला स्कूटर थांबवायला लावली. पलीकडच्या काठावर बगळे बसले होते. या लेन्सने एवढ्या लांबचं नीट येणार नाही, असं मी सांगून पाहिलं. ते ऐकत नव्हते. शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून चालत निघाले आणि चांगलाच वेळ तिकडे राहिले. आईचा फोन आला, कुठे आहात म्हणून. मी म्हटलं, "तलावावर. बाबा फोटो काढून राहिले."