डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळू

बाईंचा उजवा डोळा गेला तर बाईंना जावं लागणार, आणि बाई गेल्या तर आपण कुठे जायचं, हे मला ठाऊक नव्हतं. त्या हिवाळ्यात माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. भाकरी थापताना तेच, विहिरीवर घागर भरताना तेच.

बाई स्वीडन देशाच्या. तो देश नकाशात कुठे आहे हे मला अजून चटकन दाखवता येणार नाही, माझी शाळा तिसरीतच सुटली. त्यांचे यजमान पांढरकवड्याच्या एका कापसाच्या जिनात इंजिन बसवायला आले आणि ते चालवायला म्हणून राहून गेले. इंग्रज गेले तेव्हा गावाला वाटलं, आता हीही दोघं जाणार. साहेब म्हणाले, आम्ही इंग्रज थोडेच आहोत? आणि केळापूरच्या वाटेवरच्या बंगल्यात त्यांनी नवी कौलं घालून घेतली. पुढे साहेब उन्हाळ्यात वारले. सुतारानं इथल्या माणसाच्या मापानं पेटी केली, ती साहेबांना आखूड पडली. दुसरी होईपर्यंत बाई ओलं फडकं घेऊन त्यांच्याजवळ बसून होत्या. मूलबाळ नव्हतं.

माझा नवरा त्याच जिनात फिटर होता. आम्ही राजापूरकडचे. साहेब हयात असतानाच विषमज्वरानं तो गेला आणि सासरहून निरोप आला की इकडे यायची घाई करू नकोस. माहेरी कुणी उरलं नव्हतं. बाईंनी बंगल्याच्या मागची खोली उघडून दिली आणि म्हणाल्या, "रडून काय करशीन? चाल, चहा मांड." ही भाषा बाईंची. जिनात कापूस निवडणाऱ्या बायांकडून त्या मराठी शिकल्या होत्या, त्यामुळे मले, तुले, काहून, कायले सगळं तोंडात बसलेलं. मी कोकणातली, माझंच बोलणं गावाला परकं वाटायचं. बाजारात बाया मला विचारायच्या, "तू कोन्या देशाची वं?" आणि बाई उत्तर द्यायच्या, "समुद्राकडची हाये बिचारी, शिकून राह्यली." वऱ्हाडी मी एका स्वीडनच्या बाईकडून शिकले, हे आता सांगितलं तर लोक हसतात.

म्हाताऱ्या माणसाला परमुलखात राहायचं म्हणजे काय काय लागतं, ते मी त्या घरात पाहिलं. पायाच्या मापाचा जोडा मिळत नाही, म्हणून चांभाराला घरी बोलवायचं. दात बसवायला नागपूर. दरसाल पोलिसांकडे जाऊन आपण अजून इथेच आहोत म्हणून सांगायचं. त्या वर्षी तर दिवाळीच्या सुमारास राज्यच बदललं, आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला. कचेरीतला कारकून म्हणाला, "बाई, तुमचे कागद आता नागपूरहून मुंबईले जातीन. मंग पाहू." बाई म्हणाल्या, "मी हाललीच नाई अन् माहे कागद फिरून राह्यले!" कारकून हसला. बाई नाही हसल्या.

पण सगळ्यात मोठी अडचण पत्रांची. डावा डोळा काचबिंदूनं आधीच गेलेला, उजव्यात मोतीबिंदू पिकत आला. त्यांच्या भाषेतलं पत्र वाचणारं माणूस अख्ख्या जिल्ह्यात नव्हतं. शाळेच्या हेडमास्तरांनी पाहिलं आणि इंग्रजी नाही म्हणून परत दिलं. शेवटी बाईंनीच युक्ती काढली. मी पत्रातलं एकेक अक्षर पाहायचं आणि तसंच बोटानं त्यांच्या तळव्यावर काढायचं. मला ना अक्षराचं नाव माहीत, ना आवाज. एकावर दोन टिंबं, एकावर वाटोळं टिकलीएवढं. एक पत्र संपायला दुपार जायची. त्यांच्या भावाच्या मुलीचं पत्र असंच माझ्या बोटातून गेलं. संपल्यावर बाईंनी तळवा मिटून घेतला.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"मनते, डोया राह्यला तं राहा तिथं. गेला तं इकडं ये, म्हाताऱ्या लोकाईच्या घरात जागा पाहून ठेवली." मग म्हणाल्या, "मी इकडं आली तवा हे पोरगी जन्मलीबी नव्हती. तिथं मले कोन ओयखते? पाववालाबी नाई."

माघ लागता लागता शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं. बाहेरगावचे मोठे डॉक्टर येणार होते. नागपूरला इस्पितळ होतं, पण तिथे मला रात्रंदिवस जवळ राहू दिलं नसतं. शिबिरात प्रत्येकानं आपलं माणूस आणायचंच होतं. बाई म्हणाल्या, "तू असशीन तं तिथंच करू."

वर्गातली बाकं काढून जमिनीवर कडबा आणि वर सतरंज्या घातल्या होत्या. ऑपरेशन झालेल्या माणसाला उताणं निजवायचं, दोन्ही डोळ्यांवर पट्टी, आणि डोकं हलू नये म्हणून दोन्ही कानांशी वाळूच्या पिशव्या. डॉक्टरांनी सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं की आठवडाभर कूस बदलायची नाही, खोकायचं नाही, शिंकायचं नाही, हसायचं नाही, रडायचं नाही. टाका तुटला की डोळा गेला. मी ते ऐकलं आणि माझ्याच नाकात शिंक आल्यासारखं झालं.

बाईंच्या शेजारी एक म्हातारी होती, आणि तिची सून. ती मंडळी दसऱ्याला नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आली होती, आणि म्हातारी पट्टीखालूनही त्याच गोष्टी सांगायची, किती माणूस होतं, किती पायी चालली. सून तिला दटावायची, "आत्याबाई, तोंड बंद ठेवा. डोया फुटंल."

"फुटू दे. तुले नाई पाह्यलं तं माहं काय बिघडते?" म्हातारी म्हणायची.

"मंग चहा कोन देईन?"

"चहाले डोये कायले लागते? चव समजते मले. तुह्या चहात साखर नसते."

आजूबाजूच्या सतरंज्यांवर ओठ दाबून धरलेले. हसायला बंदी असलेल्या खोलीत ही म्हातारी म्हणजे संकटच होतं. व्हरांड्यात आम्ही नातेवाईक चुली मांडायचो. कुणी मिरचीची फोडणी दिली की धूर आत जाईल म्हणून त्या सुनेनंच सगळ्यांना बजावलं होतं, घरी जाईपर्यंत फोडणी बंद. उकडलेलं वरण आणि भाकरी. आमच्यात बरेच जण एरवी एकमेकांच्या चुलीजवळही गेले नसते. पण बिनफोडणीच्या वरणाला सगळ्यांनी मिळून नावं ठेवली.

पहिले दोन दिवस बाई शहाण्यासारख्या पडून होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना चमच्यानं पेज भरवत होते, तेव्हा त्यांनी तोंड मिटून घेतलं आणि काहीतरी बोलल्या. मला कळलं नाही. त्या पुन्हा बोलल्या, आणि मी ओळखलं की ही त्यांची घरची भाषा.

"बाई, मी आहे. काय हवं?"

पुन्हा तेच. मी मराठीत बोलत होते आणि ते त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. दोन्ही डोळ्यांवर अंधार ठेवला की काही म्हाताऱ्या माणसांचं असं होतं, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला वाटलं, बाई गेल्या. माणूस समोर आहे आणि मराठी निघून गेली. आवाज चढत गेला. त्या कुणाला तरी हाका मारत होत्या, आणि मग त्यांचा हात पट्टीकडे गेला. मी हात धरला. म्हातारपणीही त्यांच्या अंगात ताकद होती. डोकं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. एक पिशवी घसरली.

कंपाउंडर धावत आला. "बांधा हात बुढीचे! पट्टी आना रे!" डॉक्टर पलीकडच्या वर्गात कुणाचा तरी डोळा उघडून बसले होते, ते उठू शकत नव्हते. दोन माणसं कापडाच्या पट्ट्या घेऊन आली. एकानं मनगट धरलं. बाई अशा ओरडल्या की खोलीतली सगळी पांढऱ्या पट्ट्यांची डोकी वळू पाहू लागली.

"हालू नका कोनी!" सून ओरडली. मग माझ्याकडे वळून, "अवं, तुले येत असंन न तिची भाषा? घरात राह्यते तू. बोल न काई!"

येत होती. तेच तर. मला त्या भाषेतले चार शब्द येत होते, आणि ते सगळे कुत्र्याचे होते.

साहेबांचं एक मोठं कुत्रं होतं, साहेबांच्या आधीच मेलेलं. त्याला मराठी कळायचीच नाही. स्वयंपाकघरात आडवं यायचं तेव्हा मी हुडूत म्हटलं तर माझ्याकडे बघत बसायचं. म्हणून साहेबांनी मला त्याचे शब्द शिकवले होते. लिग म्हणजे आडवा हो. स्तान्ना म्हणजे हलू नकोस. त्युस्त म्हणजे गप्प. आणि ऐकलं की शेवटी म्हणायचं दुक्तिग, म्हणजे शहाणा.

जिनं मला खोली दिली, साहेबांच्या मयतीनंतर आठवडाही झाला नव्हता तेव्हा माझ्या तापात माझ्या उशाशी जी बसली, तिला मी चारचौघांत कुत्र्याची भाषा बोलू? मी त्या मनगटावरच्या पट्टीकडे पाहिलं. गाठ मारायला घेतली होती.

"लिग," मी म्हटलं. ते ओरडण्यात बुडालं. पुन्हा म्हटलं, साहेब म्हणायचे तसं, खालच्या आवाजात, एकदाच. "लिग. स्तान्ना."

बाई थांबल्या. डोकं होतं तिथे राहिलं. मी पिशवी सरकवून कानाशी लावली आणि त्या माणसाला खुणेनं सांगितलं की सोड. त्यानं मनगट सोडलं. हात हळूच खाली गेला आणि सतरंजीवर पडून राहिला.

"दुक्तिग," मी म्हटलं. कारण तो शब्द राहिला असता तर ते अर्धंच झालं असतं.

मग मला दिसलं की बाईंचं पोट कांबळ्याखाली हलतंय. मला वाटलं, झटका आला. पण ओठांच्या कडा वर गेल्या होत्या. बाई हसत होत्या. डॉक्टरांनी हसू नका म्हणून सांगितलेलं, आणि बाई आतल्या आत गदगदत होत्या.

"त्युस्त!" मी घाबरून म्हटलं, त्यानं आणखीच हसू आलं. दात दाबून त्यांनी ते गिळलं. मग बाई बोलल्या, आणि मराठीत बोलल्या, "मले कुत्रं समजली काय वं?"

"माफ करा, बाई."

"कायची माफी? बांधून ठेवत होते मेले." हसू थांबलं तेव्हा पट्टीच्या खालून कानाकडे पाणी उतरलं. ते मी पदरानं टिपलं. रडूही नका म्हणून सांगितलं होतं.

"काय मनली तू तिले?" शेजारची म्हातारी पडल्यापडल्या विचारत होती. "देवाचं नाव घेतलं काय?"

"हो," मी म्हटलं.

त्यानंतर बाईंच्या डोक्यात तसा अंधार चढला की, आणि तो दिवसाच चढायचा, मी तेच शब्द म्हणायचे आणि बाई परत यायच्या. हात कुणी बांधले नाहीत.

पट्ट्या उघडायच्या दिवशी डॉक्टर एकेकाच्या समोर उकिडवे बसून बोटं दाखवत होते. शेजारच्या म्हातारीनं आधी बोटं सांगितली, मग माझ्याकडे बघत राहिली. "हे हाये काय बोलनारी? आवाजावरून मले वाटलं जाडजूड असंन. काडी हाये नुसती!" सून रडत होती आणि सासूला दटावत होती. मी बाईंच्या पाठीशी बसले होते. डॉक्टरांनी बोटं वर केली. बाई पाहत राहिल्या. त्यांच्या पाठीवर तेवढीच बोटं टेकवावीत, म्हणजे त्यांना आकडा सांगता येईल, असं माझ्या मनात येऊन गेलं. पण उद्या भावाच्या मुलीनं डोळा तपासायला माणूस पाठवलं आणि त्यानं दुसरं काही विचारलं, तर पाठीवर काय टेकवायचं?

"उजेड हाये," बाई म्हणाल्या. "हात हाये का नाई, सांगता येत नाई."

हसण्यानं झालं का, म्हणून मी डॉक्टरांना व्हरांड्यात गाठलं. ते म्हणाले, नाही, टाके जागेवर आहेत. आतला पडदाच कामातून गेलेला होता, मोतीबिंदू काढल्याशिवाय तो दिसला नसता. हे सांगून ते पुढच्या माणसाकडे गेले. त्यांना आणखी कितीतरी डोळे उघडायचे होते.

पुढचं सगळं भराभर झालं. मुंबईहून त्यांच्या देशाचं एक माणूस येऊन पाहून गेलं, आणि बाईंचं जायचं पक्कं झालं. जिनाच्या मालकानं बंगला नव्या इंजिनिअरला द्यायचं ठरवलं, आणि इंजिनिअरच्या घरी स्वयंपाकाला मी राहावं, असंही ठरलं. माझी खोली गेली नाही. हे कळलं तेव्हा मला एकदम हलकं वाटलं, आणि लगेच बाईंच्या समोर जायला नको वाटलं. बाईंनीच हाक मारली. "तुही सोय लागली न? बरं झालं."

त्यांच्याकडे गरम कपडा उरला नव्हता. तीस वर्षांपूर्वीचा लोकरीचा कोट कसरीनं खाल्लेला. बाजारातल्या शिंप्यानं जाड कांबळ्याचा कोट शिवला, जन्मात पहिल्यांदाच. खांदे वर-खाली झाले. बटणं मी लावली. सगळ्यात वर लाकडाचं, मग शिंपल्याचं, मग साहेबांच्या जाकिटाचं पितळेचं, खाली दोन कापडी. हाताला वेगवेगळी लागावीत म्हणून. रोज सकाळी ओसरीवर बसून बाई ती लावायच्या आणि काढायच्या. चुकलं की पहिल्यापासून.

निघायचा दिवस वैशाखातला. धामणगावच्या गाडीपर्यंत पोचवायला जिनाची मोटार आली होती. सकाळचं ऊनच अंगाला चटके देत होतं. बाई कोट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून बसल्या. मानेवरून घाम वाहत होता.

"बाई, काढा तो. गरमी होऊन राह्यली," मी म्हटलं. "तिकडे उतरताना घाला."

"नाई," त्या म्हणाल्या. "तिथं उतरल्यावर चुकलं तं कोन लावून देईन? इथूनच लावून जातो."

ड्रायव्हरनं दार लावलं. मोटार हलली तेव्हा बाईंचा हात गळ्याशी होता. लाकडाच्या बटणावरून बोटं शिंपल्याच्या बटणावर उतरत होती.