रामअवतार सहावे की सातवे

तारीख १४ ऑक्टोबर, मंगळवार. रक्कम साडेचारशे दिरहम, म्हणजे साधारण दहा हजार आठशे रुपये. हजर तिघे: मी, आमच्या सावंतबाई आणि समोरच्या खुर्चीत मिस्टर रॉय रामअवतार. मी नोटा टेबलावर ठेवल्या आणि म्हणालो, "ये आपकी फी वापस. काम नहीं होगा."

त्यांनी नोटांना हात लावला नाही.

"क्यों नहीं होगा, भाई?"

"आप सातवीं पीढ़ी में आते हैं. लिमिट छह की है."

"सातवीं?" ते सावंतबाईंकडे पाहू लागले. बाईंनी मान खाली घातली. वंशावळीचा तक्ता त्यांनी टाइप केला होता. तपासून सही मात्र माझी होती.

अल कुसैसमध्ये माझं टायपिंग सेंटर आहे. दुबईत टायपिंग सेंटर म्हणजे नुसतं टायपिंग नव्हे. व्हिसा, लेबर कार्ड, अटेस्टेशन, सगळे सरकारी अर्ज आम्ही भरतो. एकोणीस वर्षांत अर्ज परत आले ते बोटांवर मोजता येतील इतके. तो हिशेब मी वहीत ठेवला आहे.

रामअवतार यांना ओसीआय कार्ड हवं होतं. परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला हे कार्ड मिळतं. ते असलं की भारतात हवं तेव्हा जा, हवे तितके दिवस राहा, व्हिसा लागत नाही. फक्त आपला पूर्वज भारतातून गेला होता हे कागदांनी दाखवावं लागतं. एक पिढी, एक कागद. मध्ये एक कडी सुटली तर सगळी साखळी सुटली. सुरीनामच्या लोकांना ही सवलत सहाव्या पिढीपर्यंत आहे, आणि बोटीने गेलेला माणूस पहिला धरायचा.

सुरीनाम हा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावरचा लहानसा देश. तिथे डचांचं राज्य होतं. गुलामगिरी संपली आणि उसाच्या मळ्यांवर माणसं कमी पडू लागली. तेव्हा डचांनी इंग्रजांशी करार करून आपल्याकडची माणसं नेली. १८७३पासून १९१६पर्यंत कलकत्त्याहून बोटी जात होत्या. पाच वर्षांचा करार. तो संपल्यावर परतीचं भाडं सरकार द्यायचं, आणि जो परतीचा हक्क सोडेल त्याला जमीन मिळायची. पुष्कळांनी जमीन घेतली. प्रत्येकाची नोंद रजिस्टरमध्ये आहे: नाव, बापाचं नाव, वय, गाव, जिल्हा.

यांचा पूर्वज रामअवतार. वय एकोणीस, साल १८७४, जिल्हा बस्ती, आजचा उत्तर प्रदेश. त्याला आडनाव नव्हतं. पुढे त्याचं नाव हेच घराण्याचं आडनाव झालं. हे समोरचे रामअवतार अठ्ठावन्न वर्षांचे. रास अल खोरच्या एका वर्कशॉपमध्ये क्रेन दुरुस्तीचे इंजिनियर. वर्कशॉप फेब्रुवारीअखेर बंद होणार होतं. नोकरी गेली की इथला व्हिसा गेला. बायको वारलेली, मुलं हॉलंडला.

"परामारिबो में अब कौन है? एक फूआ, अस्सी साल की," ते पहिल्या दिवशी म्हणाले होते. परामारिबो ही सुरीनामची राजधानी, फूआ म्हणजे आत्या. "हमार घर से एक आदमी जहाज में बैठा. डेढ़ सौ साल में कोई वापस नहीं गया. हम जाएगा. पर टूरिस्ट बनके नहीं."

त्यांची हिंदी अशीच. तिकडच्या हिंदुस्थानी लोकांची बोली भोजपुरीकडे झुकते. पण एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून आवडली होती. ते आजोबांना 'आजा' म्हणत, आजीला 'आजी'. बारा हजार किलोमीटरवरून आलेला माणूस आमच्या घरातला शब्द बोलत होता.

तर त्या मंगळवारी ते उठले नाहीत. हात पुढे करून बोटांवर मोजू लागले.

"हम. हमार बाप. आजा. परआजा. ओकर बाप. और ऊ, जो जहाज से आया. छह. बचपन से आजी ने यही गिनवाया."

मी त्यांना समजुतीने सांगितलं, "आदमी की याद एकाध पीढ़ी छोड़ देती है. कागज नहीं छोड़ता."

हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं गिऱ्हाइकांना ऐकवत आलो आहे. त्या दिवशी ते मलाच महाग पडणार होतं.

"कौन छूटा, बताओ," ते म्हणाले.

मागणी रास्त होती. मी तक्ता काढला. वरून खाली सात नावं: रामअवतार, सुखई, जगदेव, देवनारायण, हॅरॉल्ड, हेन्री, रॉय.

"देवनारायण?" ते म्हणाले. "ई कौन? हमार आजा तो हॅरॉल्ड."

"यही तो. देवनारायण यानी हॅरॉल्ड के पिताजी. इन्हीं को आपने छोड़ दिया."

सावंतबाई हळूच म्हणाल्या, "सर, कागदावर आहे की. हेन्री यांच्या जन्मदाखल्यात वडिलांचं नाव हॅरॉल्ड देवनारायण रामअवतार. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आणि देवनारायणचा वेगळा दाखला पण आहे, जगदेवचा मुलगा म्हणून."

बरोबर होतं. दोन्ही कागद फाइलला होते. पण समोरच्या माणसाला नुसतं नाही म्हणून पाठवणं मला जमेना. कोणती पिढी केव्हाची हे दाखवावं म्हणून मी पेन्सिल घेतली आणि प्रत्येक नावापुढे जन्मसाल लिहू लागलो. हे मी आधीच करायला हवं होतं. नावं जुळली म्हणून साल पाहिलं नव्हतं.

रामअवतार १८५५. सुखई १८७६. जगदेव १८९७. देवनारायण १९१९. हॅरॉल्डचा जन्मदाखला फाइलला नव्हताच. पण हेन्री यांच्या १९४१च्या दाखल्यात डच कारकुनाने बापाचं वयही लिहिलं होतं: बावीस. एक्केचाळीसमधून बावीस गेले, एकोणीस. मी लिहिलं: हॅरॉल्ड १९१९.

पेन्सिल तिथेच थांबली.

"सावंतबाई, हे बघा."

बाईंनी चष्मा वर केला. "अगं बाई. बाप आणि मुलगा एकाच वर्षी जन्मले?"

"रामायण-महाभारतातही असं झालेलं नाही," मी म्हणालो.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि लाजही वाटली. माझ्या पासपोर्टवर मधलं नाव वसंत आहे. ते माझे वडील. बँकेतली फिलिपिनो मुलगी मला मिस्टर वसंत म्हणून हाक मारते, तेव्हा मी दर वेळी तिला समजावतो की, बाई गं, मधलं नाव म्हणजे बाप. सावंतबाईंचं तेच, माझं तेच, आपल्या सगळ्यांचं तेच. आम्ही दोघांनी सुरीनामच्या माणसाचं नाव मराठी डोळ्यांनी वाचलं होतं आणि त्याला एक बाप जास्तीचा चिकटवला होता. हॅरॉल्ड आणि देवनारायण ही एकाच माणसाची दोन नावं होती.

"फूआ को फोन लगाइए," मी म्हणालो. "अभी."

दुपारचे चार वाजले होते, परामारिबोला सकाळचे नऊ. फोन स्पीकरवर. पलीकडे कोंबडं ओरडत होतं. रामअवतार यांनी विचारलं, "फूआ, देवनारायण कौन?"

म्हातारी हसायलाच लागली. "अरे, तोर आजा! घर के नाम देवनारायण, कंपनी के नाम हॅरॉल्ड. बॉक्साइट के खदान में साहेब से देवनारायण बोलाए ना. एके आदमी!"

रामअवतार यांनी फोन टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी टेबलावरच्या नोटा उचलून परत ड्रॉवरमध्ये टाकल्या.

"छह?" त्यांनी बोटांच्या फटीतून विचारलं.

"छह."

पण फोनवरचं हसू अर्जाला जोडता येत नाही. कागद हवा होता. मी फूआंना विचारलं, भावाच्या म्हणजे हेन्रीच्या आईवडिलांच्या लग्नाची नोंद असेल का? डच नोंदीत वराचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि आईबापाची नावं असतात हे मला इतर फायलींवरून ठाऊक होतं. फूआ म्हणाल्या, देखब. पंधरा दिवस काही आलं नाही. सोळाव्या दिवशी सहीशिक्क्याचा उतारा कुरियरने आला. वर: हॅरॉल्ड देवनारायण. जन्म १९१९. वडील: जगदेव. देवनारायणच्या जन्मदाखल्यावरची तारीख, महिना, साल, सगळं तंतोतंत.

इंग्रजी भाषांतर करून घेतलं आणि मी स्वतः रामअवतार यांच्याबरोबर भारतीय वाणिज्य दूतावासाच्या काउंटरवर गेलो. एरवी मी जात नाही. तिथले अधिकारी फाइल चाळून म्हणाले, "इसमें दो नाम हैं. दो आदमी लगते हैं. मतलब सात."

"सर, एक मिनट. नाम मत पढ़िए, साल पढ़िए." मी माझा नवा तक्ता पुढे केला. प्रत्येक नावापुढे साल, प्रत्येक दोन नावांमध्ये वयाचं अंतर: एकवीस, एकवीस, बावीस, बावीस, सव्वीस. "सात चाहिए तो एक बाप को उसी साल पैदा होना पड़ेगा जिस साल उसका बेटा हुआ."

त्यांनी कॅल्क्युलेटर ओढला. दोनदा बटणं दाबली. शेजारच्या माणसाला तक्ता दाखवला. दोघेही हसले.

"यह टेबल किसने बनाई?"

"मैंने."

"सब लोग ऐसे क्यों नहीं लाते? खलास, जमा कर दीजिए."

दुबईत खलास म्हणजे झालं, ठरलं. रामअवतार त्या वाक्यावर इतक्या जोरात "थँक यू" म्हणाले की शेजारच्या रांगेतली माणसं वळून पाहू लागली.

कार्ड १८ फेब्रुवारीला आलं. वर्कशॉप बंद व्हायला दहा दिवस होते. ते मिठाईचा डबा घेऊन आले, कार्ड सावंतबाईंच्या हातात दिलं आणि म्हणाले, "पहले आप देखो." बाईंनी ते दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि टिपेचा आवाज लावून अख्ख्या सेंटरला सांगितलं, "सहावे आहेत हो, सहावे!" पासपोर्टच्या फोटोसाठी थांबलेला एक पठाणही उगाच टाळ्या वाजवू लागला.

मार्चमध्ये त्यांचा फोन आला. बस्तीत घर भाड्याने घेतलं होतं. घरमालकाने विचारलं, कब तक रहोगे? ते म्हणाले, "हम बोला, डेढ़ सौ साल लेट आया है. जल्दी क्या है?"

तेव्हापासून आमच्या सेंटरमध्ये वंशावळीचा तक्ता सालाशिवाय टाइप होत नाही. आणि मधलं नाव दिसलं की आधी विचारायचं, मग बाप ठरवायचा.

सेंटरची फी साडेचारशे दिरहम रामअवतार यांच्याकडूनच घेतली. कुरियर आणि भाषांतराचे दोनशे दहा मी भरले, कारण तक्त्यावर सही माझी होती. शिवाय आमच्याकडे सावंतबाईंचा एक नियम आहे. ज्याची चूक, त्याने चहाच्या डब्यात दहा दिरहम टाकायचे. बाईंनी डबा माझ्यापुढे धरला. मी म्हणालो, "टाइप तुम्ही केलं होतं."

"तपासलं कोणी?"

दहा दिरहम, म्हणजे दोनशे चाळीस रुपये, चहाच्या डब्याला मिळाले.