इंजिन बंद करायची जागा

मढला आमच्या खाडीच्या तोंडाशी एक खडक आहे आणि त्याच्यावर पीराची पांढरी कबर. पावसाळ्यानंतर बोट पहिल्यांदा दर्यात निघाली की या खडकासमोर इंजिन बंद करायचं, बोट नुसती वाहू द्यायची आणि पाण्यात नारळ सोडायचा. पहिल्या नारळाचा मान आमच्या घरचा, म्हणून सगळ्यांत पुढे आमची बोट असते. त्या दिवशी घरच्या बायकाही बसतात. खडक ओलांडला की त्यांना पुढच्या धक्क्यावर उतरवतात.

हा पीर म्हणजे अरबस्तानातून खजूर घेऊन आलेला व्यापारी, असं आमची आय सांगते. परतताना तो सागाचं लाकूड न्यायचा. त्याचं गलबत इथे फुटलं, आमच्या कुणा पूर्वजाने त्याला बाहेर ओढलं आणि बाबा इथेच राहिला. ताऱ्यांवरून वाट काढायला त्याने शिकवलं. त्याच्या संगतीने खाडीपलीकडची काही घरं नमाज पढू लागली, आमची देवीकडेच राहिली. तो खडकावर नमाजाला उभा राहिला की आमचे लोक वल्ही वर धरायचे, आवाज नको म्हणून. वल्ही जाऊन इंजिन आलं तरी रीत तीच राहिली. यातलं खरं किती, मला ठाऊक नाही. विचारावंसंही कधी वाटलं नाही.

गेल्या वर्षी मात्र गावच्या ग्रुपवर मेसेज आला. जो पीरासमोर थांबेल त्याचा व्हिडिओ काढू, आणि वादळात त्याची बोट वर ओढायला कोणी येणार नाही. लिहिणारा आमच्याच आळीतला. ह्याचं बारसं माझ्या आयने जेवलेलं, आणि हा आम्हाला धर्म शिकवणार! राग आला, पण त्याहून जास्त भीती वाटली. बोट ओढायला वीस माणसं लागतात आणि आमच्या घरात दादा एकटा. बोट फुटली तर घर बसलं.

बोटी निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी अंधेरीहून माहेरी पोचले, तेव्हा दादा जाळं भरत होता.

"बाय, तू शिकलेली हायस," तो म्हणाला. "काय करू, सांग."

"थांबू नको," मी म्हटलं. "एक वर्ष नाय थांबलास तर पीर नाय रागावणार. पण ही पोरं सोडणार नायत."

त्याने मान हलवली. आयला आम्ही काहीच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी भरतीला निघालो. आय पुढे नारळ मांडीवर घेऊन बसलेली. आमच्या मागोमाग त्या मेसेजवाल्याची बोट, सुकाणूवर त्याचा बाप आणि पुढच्या टोकाला, नाळेवर, हा स्वतः फोन धरून उभा. खडक जवळ येत गेला. आयने मागे वळून दादाकडे पाहिलं. दादा समोर बघत राहिला आणि त्याने इंजिन आणखी वाढवलं.

"अरं, बंद कर!" आय ओरडली. खडक बाजूने सरकला. तिने नारळ टाकला, तो आमच्याच लाटेत कुठेतरी गेला.

आणि मग मागचा आवाज थांबला. त्या म्हाताऱ्याने इंजिन बंद केलं होतं. त्याने पोराची जिरवायला केलं असं मला वाटत नाही. चाळीस वर्षांची सवय, खडक दिसला की हात आपोआप जातो. पोरगा फोन खाली करून बापावर खेकसत होता, म्हातारा पीराकडे तोंड करून कपाळाला हात लावून उभा. त्याच्यामागची बोट गप्प झाली, मग तिच्यामागची. एकेक करून सगळ्या बोटी पीरासमोरून बिनआवाज वाहत आल्या. खाडीत आवाज फक्त आमच्या इंजिनाचा होता.

दादाने घाईघाईने इंजिन बंद केलं, पण खडक केव्हाच मागे पडला होता.

आय उठून त्याच्यासमोर गेली.

"ही अक्कल तुझी नाय," ती म्हणाली. "कोनी सांगितला तुला?"

मी तिथेच, दोन हातांवर बसले होते. दादाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कोनी नाय," तो म्हणाला. "मीच घाबरलो."

आय त्याच्याशी महिनाभर बोलली नाही. माझ्याशी रोज फोनवर बोलायची आणि रोज त्याच्याबद्दल रडायची. मी म्हणायचे, "जाऊ दे गं आय, चुकला तो."