चुन्यात मीठ

आई वसईहून आमच्याकडे दुबईत अल मनखूलला राहायला आली तेव्हा मला वाटलं होतं, चला, आता लेकीला आजी मिळेल. तसं काही झालं नाही. दोघी एकाच खोलीत झोपायच्या, एकाच टेबलावर जेवायच्या, पण त्यांचं बोलणं चालायचं माझ्यामार्फत. आई मला विचारायची, "तिला म्हणावं, आणखी भात वाढू का?" लेक मोबाइलमधून मान वर न काढता मलाच सांगायची, "ममा, टेल हर आय ॲम फुल." मराठी तिला सगळं कळायचं, पण तोंडातून निघायचं नाही. शाळेत इंग्रजी, लिफ्टमध्ये शेजाऱ्यांशी हिंदी. मराठी म्हणजे आई-बाबा आपसात बोलतात ती भाषा, एवढंच.

ईस्टरच्या सुमाराला शाळेला सुट्टी लागली. आईला आयुष्यात एकदा रोम बघायचं होतं. लेकीने दक्षिण इटलीतल्या एका टेकडीवरच्या जुन्या गावाचे फोटो पाहिले होते आणि तिला तिथेच जायचं होतं. नवरा हॉटेलच्या किचनमध्ये. सणासुदीला त्याला रजा कुठली? "तुम्ही तिघी जा," तो म्हणाला. मग आधी आईचं रोम झालं आणि तिथून रेल्वेने आम्ही लेकीच्या गावाला पोचलो.

चढणीच्या गल्लीत दोन्ही बाजूंना पांढरी, बुटकी, दगडी घरं, आणि प्रत्येकावर टोपी घातल्यासारखं टोकदार छप्पर. छपराला लाकूड नाही, सिमेंट नाही. चपटे करडे दगड एकावर एक गोल रचत, थोडे थोडे आत घेत, वर टोकाला मिटवलेले. आम्ही राहिलो तेही असंच एक घर होतं. आत शिरल्यावर आईने आधी भिंतीवर तळहात ठेवला. "किती जाड आहे गं! आणि गार कशी बघ, एसीशिवाय." लेक पलंगावर उताणी पडून छताकडे बघत राहिली. "इट्स लाइक लिव्हिंग इनसाइड अ कोन," ती म्हणाली. आईने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, "म्हणतेय, आइस्क्रीमच्या कोनात राहिल्यासारखं वाटतं."

घराची मालकीण शेजारीच राहायची. आईच्याच वयाची, ठेंगणी, खणखणीत आवाजाची. तिला इटालियनशिवाय काही येत नव्हतं. तिच्या सुनेला इंग्रजी यायचं, म्हणून किल्ली द्यायला तीच आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकीण अंगणात बादली आणि मोठा ब्रश घेऊन भिंत रंगवत होती, सून मदतीला होती. आई साडीवर स्वेटर चढवून, चहाचा कप घेऊन दारात उभी होती. एकदम म्हणाली, "अगं, ही चुना देतेय! ईस्टर आलाय ना. आम्हीपण सणाच्या आधी द्यायचो." मी काही बोलणार, तेवढ्यात दुबईहून, सिलिकॉन ओएसिसच्या माझ्या ऑफिसमधून फोन आला. रजेवर असले तरी महिन्याअखेरचे हिशेब माझ्याशिवाय अडले होते. मी लॅपटॉप घेऊन आत गेले.

काम लवकर संपेना. मधेच खिडकीतून आईचा आवाज आला. "तिला विचार, चुन्यात मीठ घातलंय का."

मला वाटलं, मलाच सांगतेय. मी उठणार होते, पण ऑफिसचा माणूस लाइनवर होता.

"चुना... व्हॉट इज चुना?" लेकीचा आवाज. "पेंट?"

"पेंट नव्हे गं. दगड भाजतात भट्टीत. मग तो पाण्यात टाकला की उकळतो."

"दगड उकळतो?"

मी हेडफोन काढला. लेक मराठीत बोलली होती, आणि माझ्याशी नाही.

मग तिने सुनेला इंग्रजीत सांगितलं, सुनेने सासूला इटालियनमध्ये, आणि मालकीण खदखदा हसत तोंडाने बुडबुड आवाज काढायला लागली. उकळतो, अगदी असाच! पण मीठ? छे. मीठ कशाला? तिने हात झटकलेले मला खिडकीतून दिसले. आई काही ऐकायला तयार नव्हती. "मीठ घातलं की अंगाला लागत नाही. सांग तिला. माझा जन्म गेला वसईत." लेक सांगत होती, उत्तर आणत होती, पुन्हा सांगत होती. मधे एकदा वैतागून आईलाच म्हणाली, "आजी, हळू बोल ना! मला शब्द शोधायला लागतो."

शेवटी तडजोड झाली. अंगणाच्या मागची छोटी भिंत आईला मिळाली, मिठासकट. मी बाहेर आले तेव्हा आईने पदर खोचला होता, लेकीच्या केसांत, भुवयांवर पांढरे ठिपके होते, आणि मालकीण आईच्या सुकलेल्या भिंतीवरून बोट फिरवून बोट बघत होती. बोटाला काही लागलं नव्हतं. तिने खालचा ओठ पुढे काढून होकारार्थी मान हलवली. त्या दिवशी दुपारी तिने आम्हाला जेवायलाच बसवलं.

नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो हसत सुटला. "म्हणजे सासूबाईंनी इटलीलासुद्धा चुना लावला!" लेकीने हा विनोद मला समजावून सांगायला लावला आणि मग दिवसभर स्वतःच वापरला, चुकीच्या ठिकाणी.

दुबईला परतताना विमानात मी मधल्या सीटवर बसले होते. लेक म्हणाली, "ममा, यल्ला, चल ना, स्विच." मी कडेला सरकले. दोघींच्या गप्पा ऐकत डोळे मिटून घेतले. लेकीचं मराठी म्हणजे काय सांगू, 'माझी हात', 'ती पाव'. आई तिच्या चुका सुधारत नव्हती. मीही नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी दोघींना जोडून धरलंय. खरं तर मी मधून बाजूला व्हायची गरज होती. याचं वाईट वाटलं नाही, हलकंच वाटलं.

आता बहुतेक शनिवारी सकाळी दोघी बर दुबईच्या धक्क्यावरून अब्रा नावाच्या होडीत बसून खाडीपलीकडे मसाल्याच्या बाजारात जातात. दुकानदाराशी हिंदीत घासाघीस आई करते, अरबीतल्या पाट्या लेक वाचून दाखवते. गेल्या शनिवारी त्या चपला घालत होत्या तेव्हा मी विचारलं, "मी येऊ का गं?"

"नको," लेक म्हणाली. "आम्ही दोघी जाऊन येतो."