सिनेमातली कचेरी आणि माझं वाक्य

वेल्ह्यात नोकरीला लागून मला दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा आमच्या कचेरीत सिनेमावाले आले. सरकारी कारभाराची टर उडवणारा विनोदी सिनेमा होता आणि बारीकसारीक कामांना त्यांना खरे कारकूनच हवे होते. "कचेरीत सगळ्या प्रकारची माणसं दिसली पाहिजेत," असं दिग्दर्शक सारखं म्हणायचा. म्हणून पँट घालणाऱ्या आमच्या शिपायाला धोतर नेसवलं. मी भोरची मुसलमान मुलगी निघाले, तेव्हा तर त्याला केवढा आनंद! लगेच माझ्या हातात काळा बुरखा ठेवला. कोपऱ्यात बसायचं, बोलायचं नाही.

माझी थोरली बहीण बुरखा घालते, तिला तो शोभतोही. पण मी पंजाबी ड्रेस घालून यायचे आणि माझ्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू असायचा.

"अगं, तू कोण आहेस ते प्रेक्षकांना कळायला नको का?" दिग्दर्शक म्हणाला.

मला रडूच यायचं बाकी होतं. आपली पोरगी सिनेमात दिसणार, हे आईनं अख्ख्या आळीत सांगून ठेवलं होतं. आता दिसणार काय, तर नुसते डोळे.

शेजारच्या टेबलावरचे भाऊसाहेब पालीचे, निवृत्तीला टेकलेले. गावच्या जत्रेतल्या नाटकांत जन्मभर कामं केलेली. सगळ्यात जास्त हशा पिकवणारा संवाद त्यांना मिळाला होता. आठवडाभर डबा खाताना, फायली बांधताना त्यांचं तेच चालू. ऐकून ऐकून तो मलाही पाठ झाला.

तालमीला अर्जदार झालेला पोरगा त्यांच्यासमोर उभा राहिला. "माझं काम कधी होईल?"

भाऊसाहेबांनी सरळ माझ्याकडं बोट केलं. "म्या न्हाई सांगत. त्या बाईसायबांना इचारा."

पोरगा गोंधळून वळला. मी तोंडावरचं कापड वर केलं. "लग्न झालंय का तुमचं?"

"नाही."

"मग उरकून घ्या. कागद न्यायला पोराला पाठवा."

दिग्दर्शकासकट सगळे खदखदून हसले. मग तो म्हणाला, "बुरखा नको आता. हे वाक्य हीच बोलेल. भाऊसाहेब, तुम्ही कॅमेऱ्याकडं पाठ करून बसा."

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर चिडलेच. "हे काय केलंत तुम्ही?"

"गप ए. लई नाटकं केली म्या," ते म्हणाले आणि एसटी गाठायला निघून गेले. त्यांचे हे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

सिनेमा भोरच्या टॉकीजला लागला, तेव्हा भाऊसाहेबांनी पालीची माणसं टेम्पो भरून आणली. माझं वाक्य आलं आणि टॉकीज दणाणलं. आई माझा हात घट्ट धरून हसता हसता रडत होती. तेवढ्यात मागच्या रांगेतून पालीचं कुणीतरी म्हणालं, "अन् भाऊसायेब, तुमी कुठं हाय यात?"

भाऊसाहेब खुर्चीतून उठले. जत्रेत लावायचे तसा खडा आवाज लावून म्हणाले, "तिच्याम्होरं त्यो पाठमोरा बसलाय न्हवं? त्यो म्या!"