बाळसं

शेंगदाणे भाजल्याचा वास आला की मला भांडगावकडची ती अंगणवाडी आठवते. मी तेव्हा तिथं सेविका होते. एका सकाळी गुऱ्हाळावर राबणारी एक बाई दीड वर्षाच्या लेकीला कडेवर घेऊन हसतच आत आली. गेल्या खेपेला काडीसारखी दिसलेली पोर आता गालांनी गुबगुबीत झाली होती, आणि आईने तिच्या कपाळावर काजळाची ही एवढी तीट लावली होती. "बाई, बाळसं धरलंय बगा हिनं. कुनाची नजर नगं लागाया." पोर मात्र हसतही नव्हती आणि रडतही नव्हती, हातात दिलेला दाण्या-गुळाचा लाडू तिने तोंडाकडे नेलाच नाही. मी तिच्या पावलावर अंगठा दाबून उचलला, तर ओल्या मातीत पडावा तसा खड्डा तिथं तसाच राहिला. उपासमारीची सूज होती ती. त्याच दुपारी आम्ही तिला दौंडच्या दवाखान्यात नेलं. ती परत आल्यावर मी रोज नाचणीची पेज, दाण्याचा लाडू, अंडं भरवू लागले. हळूहळू सूज उतरली, तसे गालही बसले, आणि आईचं हसू मावळलं. "तुमच्या खान्यानं माजी भरल्याली लेक वाळली," म्हणत तिने पोर उचलली. "अगं, बाळसं नव्हतंच ते, अंगात पाणी भरलं होतं!" मी मागून ओरडत राहिले. दुसऱ्या दिवशी लाडू घेऊन त्यांच्या खोपटावर गेले, तर चूल गार होती आणि खोपट रिकामं. आजही कुणाच्या बाळाने बाळसं धरलं म्हटलं की सगळ्या बाया गाल बघतात आणि माझा अंगठा पाऊल शोधतो.